रिपोर्ट नॉर्मल, कान वाजतच आहेत

चि. वसंतास,


तू विचारलंस एवढंच, की जिंकोच्या गोळ्या चालू ठेवू का. पण त्याआधीचं वाक्य वाचून मी अस्वस्थ झाले : 'रिपोर्ट नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले सवय करून घ्या, तेव्हा घरात आता विषय काढत नाही.' गोळ्यांचं आधी उरकते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 साली टिनिटसबद्दल, म्हणजे कान वाजण्याबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा त्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. विषय न काढण्याचं मात्र इतक्यात संपणार नाही.

त्या रिपोर्टावर तू एवढा विसंबलास तरी कसा? नेहमीच्या तपासणीत 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतात आणि त्यातला किती हळू सूर तुला ऐकू येतो ते आलेखावर मांडतात. कुणीच काही वाजवत नसताना तुला काय ऐकू येतं, याला त्या कागदावर जागाच नाही. 2009 साली बॉस्टनच्या संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत होते, पण कानातल्या पेशी आणि मज्जातंतू यांचे कित्येक सांधे कायमचे जातात. माणसांना हे कितपत लागू पडतं यावर अजून वाद आहे. तरी चांगला आलेख म्हणजे शाबूत कान, असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. कानाकडून येणारे संदेश कमी झाले, की मेंदू स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा आवाज वाढवत नेतो आणि त्याची स्वतःचीच खरखर ऐकू येऊ लागते, असं आज अनेक शास्त्रज्ञ मानतात. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात तुझी उमेदीची वर्षं गेली. कानात कापूस घालून तो आवाज अडत नाही, हे मी तेव्हाही सांगत होते.

'हे तर कितीजणांना असतं' असंही तू लिहितोस. असतंच. 2022 साली जगभरातल्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो, की सुमारे 14 टक्के प्रौढांचे कान वाजतात. म्हणजे 74 कोटींहून जास्त माणसं. त्यातल्या 12 कोटींहून अधिकांना त्याचा तीव्र त्रास आहे. त्याही आधी, 1953 साली, अमेरिकेत ऐकू नीट येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. 94 टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, सूं असं काहीतरी ऐकू आल्याचं सांगितलं. यावरून हा त्रास क्षुल्लक ठरतो का? मला उलटंच वाटतं. तपासणीत मोजलं, तर आतला आवाज बहुतेकदा ऐकू येण्याच्या सीमेच्या जेमतेम काही डेसिबल वर भरतो. तरी एकजण तो विसरून कामाला लागतो आणि दुसऱ्याची झोप उडते, वाचनात लक्ष लागत नाही, लोकांत बसणं नकोसं होतं. तेव्हा दुखणं आवाजाच्या मोठेपणात नाही, त्यानं माणसाचं काय केलं यात आहे. आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. मग हा मनाचा खेळ म्हणायचा का? दाढदुखीची कळही मेंदूतच उमटते, तिला कुणी मनाचा खेळ म्हणत नाही.

चेक संगीतकार स्मेतानाला 1874 मध्ये बहिरेपण आलं. दोन वर्षांनी त्यानं लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीत शेवटचा भाग नाचत-बागडत चाललेला असतो, तो मध्येच थबकतो, आणि पहिलं व्हायोलिन एक उंच, तीक्ष्ण सूर धरून ठेवतं. ती त्याच्या कानातली शिट्टी. इतरांना ऐकवायला त्याला संगीत रचता आलं. मागावरच्या कामगारानं काय करावं? आपल्या 2016च्या अपंग हक्क कायद्यात श्रवणदोष मोजतात तो दोन्ही कानांनी किती डेसिबल कमी ऐकू येतं यावर. नको असलेलं जास्त ऐकू येणं त्यात बसत नाही. अमेरिकेत मात्र माजी सैनिकांना ज्या तक्रारींसाठी भरपाई मिळते, त्यांत टिनिटसचा क्रमांक सगळ्यांत वरचा आहे. खोटे दावे होतील म्हणशील. कंबरदुखीचेही होतात. त्रासाची तीव्रता मांडायला 1996 पासून 25 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. ती तरी तुझ्यापुढं कुणी ठेवली का?

'सवय करून घ्या' यात तथ्य आहे, म्हणून तर राग येतो. सवय होते, पण ती शिकवावी लागते. वर्तनोपचारांच्या चाचण्यांचा 2020 साली, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला, त्यात त्रास कमी होतो असं दिसलं. आवाज जात नाही, त्याची धास्ती जाते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानंही अनेकांना आराम पडतो. विषय काढला की लक्ष तिकडेच जातं, हे तुझं म्हणणं खरं; पण चोरून काळजी करणाऱ्याचं लक्ष तिथून हलतच नाही. घरी सांग. रात्री खोली अगदी चिडीचूप ठेवू नकोस, पंखा चालू दे. आणि कुणाच्या तरी झोपेच्या गोळ्यांतली एखादी मागून घेण्याची तुझी खोड मला माहीत आहे; तसं करू नकोस.

एवढ्या पत्रात तू एक गोष्ट मात्र लिहिलीच नाहीस. आवाज दोन्ही कानांत आहे की एकाच? नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का? एकाच कानात असेल किंवा ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर 'नॉर्मल'वर थांबू नकोस, पुन्हा तपासणी करून घे. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर सणवार न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठ. त्यावरचं औषध वेळेत सुरू व्हावं लागतं. आणि जीव नकोसा होतो असं एखाद्या रात्री वाटलं असेल, तर तेही मला सांग. उत्तर लिहीत बसू नकोस, फोन कर.

तुझी,
ताई