गोष्टीला बक्षीस



आपल्या स्नेहसंमेलनात वक्तृत्वाला ढाल मिळते, धावण्याला पदक मिळते, सुंदर हस्ताक्षरालाही प्रमाणपत्र मिळते. स्वतः रचलेल्या गोष्टीला मात्र बक्षीस नाही. मोठ्या लेखकांना कथांसाठी कोणते पुरस्कार मिळाले हे वाचताना ही उणीव आम्हाला फार जाणवली, म्हणून हे चार शब्द.

साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. सुरुवातीला ५,००० रुपये मिळत. २००९ पासून ती रक्कम १ लाख झाली. वर्षाला एका भाषेतले एकच पुस्तक निवडले जाते, त्यामुळे कथासंग्रहाला कादंबरी, कविता, समीक्षा अशा सर्वांच्या रांगेत उभे राहावे लागते. तरीही २०१२ साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला, २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला आणि २०२१ साली किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला हा मान मिळाला.

पवारांनी मुंबईच्या गिरणगावातली माणसे लिहिली, लोमट्यांनी मराठवाड्यातल्या खेड्यांतली. पवारांच्या कथा वाचताना आम्हाला आपले मसाट आठवते. आमच्या घरातली ही इथली दुसरी पिढी. रात्रपाळीहून डबा हलवत परतणारे बाबा, भाड्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, शेतावर कारखाना आला म्हणून त्याच कारखान्यात कामाला लागलेले शेजारी, हे सारे आपण रोज पाहतो. मसाटची ही कथा आपल्यातल्याच कोणीतरी लिहायला हवी.

काही पालक म्हणतात, “आमच्या घरी वारली बोलतात, मुलाचे मराठी कच्चे आहे, तो काय गोष्ट लिहिणार?” त्यांना बानू मुश्ताक यांच्याविषयी सांगावेसे वाटते. लहानपणी त्यांचे शिकणे उर्दूत सुरू झाले. आठव्या वर्षी वडिलांनी त्यांना कन्नड माध्यमाच्या शाळेत घातले. पुढे त्यांनी कन्नडमध्येच कथा लिहिल्या. २०२५ साली त्यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. ५०,००० पौंडांची रक्कम त्यांच्यात आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मीनिम्मी वाटली गेली. शाळेत शिकलेली भाषाही अशी आपली होते. घरची वारली किंवा कोकणा त्या मराठीत आली, तर गोष्ट अधिक खरी होईल.

पुरस्कार म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, तेव्हा त्यांनी तो परत केला. पुरस्कार गेला, पण ‘काजळमाया’ आजही आवडीने वाचली जाते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. निबंधस्पर्धेत गाईडमधले पाठ केलेले निबंध बक्षीस घेऊन जातात. त्याऐवजी यंदा स्वतःच्या गल्लीतली, घरातली, शेतातली गोष्ट मागवावी. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. ते नंतर बाई सुधारून देतील. बक्षीस म्हणून कथेची पुस्तके द्यावीत. एकाला पहिला क्रमांक दिला की बाकीचे हिरमुसतात, म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट वर्गात मोठ्याने वाचली जावी आणि जमतील तितक्या या पत्रिकेत छापाव्यात.

मराठी माध्यमात मुलांना ठेवावे की नाही, हा प्रश्न आज घरोघरी आहे. आपल्या मुलाचे नाव त्याच्या स्वतःच्या गोष्टीखाली छापलेले पाहिले, तर त्या प्रश्नाचा विचार करताना पालकांना थोडे बळ येईल. पुस्तकांच्या खर्चाचा पहिला वाटा आम्ही उचलू. मुलांनो, वही तुमची, गोष्टही तुमचीच असू द्या.