कमी बोलणाऱ्या माणसाचे चाहते

१९६६ च्या उन्हाळ्यात स्पॅनिश लष्करातल्या सैनिकांना एक वेगळंच काम लागलं. देशाच्या उत्तरेकडे, बुर्गोस प्रांतातल्या मिरांदिया खोऱ्यात त्यांना दफनभूमी उभारायची होती. पाचेक हजार थडगी, सगळी रिकामी. मधोमध फरसबंदी केलेलं मोठं वर्तुळ, भोवती रांगांवर रांगा मातीच्या उंचवट्यांच्या, प्रत्येकाच्या डोक्याशी लाकडी क्रूस. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा शेवट इथे व्हायचा होता. क्लिंट ईस्टवूड, ली व्हॅन क्लीफ आणि एलाय वॉलाक वर्तुळाच्या कडेला उभे राहतात, एकमेकांकडे बघत राहतात आणि गोळी सुटेपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. पडद्यावर या जागेचं नाव सॅड हिल.

चित्रीकरण आटोपलं, मंडळी पांगली. वर्तुळावर माती साचली, गवत माजलं, तिथे गुरं चरू लागली.

२०१५ च्या शरद ऋतूत आसपासच्या गावांतली काही माणसं कुदळी-फावडी घेऊन तिथे पोचली. गवताचा थर खरवडला तर खाली १९६६ ची फरसबंदी जागच्या जागी होती. त्यांनी संस्था काढली, हाक दिली, आणि सुट्टीच्या दिवशी लोक येऊ लागले. स्पेनमधून आले, फ्रान्समधून आले, पदरचे पैसे घालून आले, दिवसभर खणून संध्याकाळी दुखऱ्या पाठीने परत गेले. पंधरा युरो दिले की एका थडग्यावर आपलं नाव लागे. त्या पैशांतून पुढचं काम होई. २०१६ च्या जुलैमध्ये चित्रपटाची पन्नाशी त्याच वर्तुळात साजरी झाली, उघड्यावर पडदा लावून. ईस्टवूडने त्यांच्यासाठी निरोप रेकॉर्ड करून पाठवला होता. या सगळ्या खटाटोपावर गियेर्मो दे ओलिव्हेराने २०१७ मध्ये केलेल्या माहितीपटात तो प्रसंग आहे. रडणारी दाढीवाली माणसं आहेत.

त्या थडग्यांपैकी एकावर माझ्या मामाचं नाव आहे.

मामीला ते मुळीच पटलं नव्हतं. जित्याजागत्या माणसाचं नाव थडग्यावर कसलं लावता, म्हणून ती दोन दिवस नीट बोलली नाही. मामाने काही समजावलं नाही. बँकेतून निवृत्त झालेला, एरवी कुणाशीही वाद न घालणारा हा माणूस त्या एका बाबतीत हटला नाही. पुढे त्याच्या लेकीने, जी नोकरीसाठी जर्मनीत असते, सगळ्यांना सॅड हिलला न्यायचं ठरवलं. मी सोबत गेलो. एखादा माणूस एका नटाला पन्नास वर्षं कसा धरून ठेवतो, हे मला जवळून बघायचं होतं.

मामाच्या बाबतीत सुरुवात त्याच्या थोरल्या भावापासून झाली. अण्णा मुंबईच्या गोदीत कामाला होता. परदेशी बोटींवरच्या खलाशांकडून त्याला पिक्चरच्या बातम्या कळत. मामा बारा-तेरा वर्षांचा, परळच्या चाळीतला, मराठी शाळेतला. अण्णाने एका रविवारी त्याला बसमध्ये बसवलं आणि कुलाब्याला स्ट्रँडमध्ये नेलं. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’, सकाळचा खेळ, सगळ्यात पुढच्या रांगा. त्या काळात असे जुने पिक्चर पुन्हा पुन्हा लागण्यालाही कारण होतं. १९७१ साली हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचा भारताबरोबरचा करार संपला आणि १९७५ मध्ये नवा होईपर्यंत ताजे अमेरिकन चित्रपट येणं जवळजवळ थांबलं. थिएटरवाल्यांकडे ज्या प्रिंट होत्या त्याच फिरत राहिल्या. ज्या पोरांच्या नशिबात एरवी एखादा पिक्चर एकदाच आला असता, त्यांना तोच चार-पाचदा बघायला मिळाला. त्या पिढीतल्या मुंबईकरांना ‘मॅकेनाज गोल्ड’ किंवा ‘व्हेअर ईगल्स डेअर’ची एकेक फ्रेम पाठ असते ती यामुळेच, असं माझं मत आहे.

मामाला इंग्रजी कळत नव्हतं. बाकीचे इंग्रजी पिक्चर बघताना अण्णा कानात अर्थ सांगायचा आणि मागचे लोक ओरडायचे. या पिक्चरला अण्णाला काही सांगावंच लागलं नाही. ईस्टवूड बोलतच नव्हता. त्याने डोळे बारीक केले की मामाला कळायचं, चिरूट तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला की कळायचं, आणि उरलेलं एन्निओ मोरिकोनेचं संगीत सांगायचं. शिट्टी, घंटा, पॉकेटवॉचमधून वाजणारी ती बारीक धून. घरी येताना बसमध्ये मामाने पूर्ण गोष्ट अण्णाला परत सांगितली. आपल्याला इंग्रजी पिक्चर समजला, याचा आनंद त्याला आजही जसाच्या तसा आठवतो.

हा कमी बोलणारा माणूस ठरवून घडवलेला होता. ‘रॉहाइड’ या दूरचित्रवाणी मालिकेत ईस्टवूड १९५९ पासून काम करत होता. १९६४ मध्ये लिओनेने अकिरा कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ करायला घेतला, तेव्हा त्याला पंधरा हजार डॉलरवर बोलावलं. पटकथेतला नायक भरपूर बोलत होता. ईस्टवूडने स्वतःचे संवाद कापायला लावले. हा कुठून आला, का आला, हे प्रेक्षकाला कळलं नाही तरच तो त्याच्याकडे बघत राहील, असं त्याचं म्हणणं होतं. एरवी नट स्वतःचे संवाद वाढवून घेतात, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते. चिरुटाचंही तसंच. ईस्टवूड स्वतः धूम्रपान करत नाही. तोंडात तो कडवट चिरूट धरला की चेहरा आपोआप आवळला जाई, आणि तो चेहरा कॅमेऱ्याने टिपला.

सॅड हिलवर आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. कॉन्त्रेरास गावाकडून कच्चा रस्ता जातो, बाजूला जुनिपरची खुरटी झाडं, वर गिधाडं. तिथे संस्थेसाठी खणकाम केलेला एक स्पॅनिश गृहस्थ भेटला, साठी ओलांडलेला. मामेबहीण मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होती. त्या भागातल्या जुन्या माणसांना १९६६ चा तो उन्हाळा अजून आठवतो: गावातले लोक एक्स्ट्रा म्हणून गेले, सैनिकांना पडद्यावर अमेरिकन यादवीतली उत्तर-दक्षिणेची लढाई लढावी लागली. जवळच आर्लान्सा नदीवर लष्कराने पूल बांधला होता, चित्रपटात उडवायला. इशारा चुकीचा समजला गेला आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच स्फोट झाला. सैनिकांनी पूल पुन्हा बांधला, मग पुन्हा उडवला.

दोघांचं चांगलंच जमलं. आणि मग मामाने ईस्टवूडच्या आवाजाची नक्कल केली, ती दातांतून येणारी कुजबुज. समोरचा गोंधळला. हा कुणाचा आवाज, त्याने विचारलं.

त्याच्या लहानपणापासूनचा ईस्टवूड स्पॅनिशमध्ये बोलत होता. स्पेनमध्ये परदेशी चित्रपट डब करूनच दाखवायची पद्धत, आणि तिथे अनेक वर्षं ईस्टवूडला कॉन्स्तांतिनो रोमेरो या नटाचा आवाज होता: खर्जातला, भारदस्त. २०१३ मध्ये रोमेरो वारला तेव्हा स्पेनमधल्या लोकांना आपला ईस्टवूडच गेल्यासारखं वाटलं, असं तो गृहस्थ म्हणाला. इटलीत लिओनेच्या या तीन चित्रपटांसाठी, म्हणजे डॉलर-त्रयीसाठी, एन्रिको मारिया सालेर्नोने त्याला आवाज दिला, म्हणजे तिथल्या चाहत्यांच्या मनातला ईस्टवूड आणखी तिसऱ्याच आवाजात बोलतो. लिओनेचे हे चित्रपट ध्वनीशिवायच चित्रित होत. सेटवर प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोले आणि आवाज मागाहून चढवले जात. म्हणजे ‘मूळ’ आवाज असा कुठे नव्हताच. त्या वर्तुळात उभं राहून एकाच माणसावर जीव टाकणारे हे दोघे, आणि दोघांच्या कानांतला माणूस वेगळा. तरी डोळे बारीक करण्याची मामाची नक्कल बघून त्या गृहस्थाने लगेच टाळी दिली. चेहरा दोघांचाही एकच होता.

मला या सगळ्याचं उत्तर इथे सापडतं. नटाने जागा मोकळी सोडली की ती बघणारा भरतो, आणि बारा-तेराव्या वर्षी जे भरलं जातं ते सहसा परत काढता येत नाही. परळच्या पोराने त्यात आपला अण्णा भरला: कमी बोलणारा, अंगाने उंच, पैशाची बात आली की रोखठोक. त्या स्पॅनिश माणसाने काय भरलं ते त्याने सांगितलं नाही, पण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत वाढलेल्या मुलाला कुणाचाच हुकूम न मानणारा एकटा स्वार का आवडला असेल, याचा अंदाज करता येतो.

वेस्टर्नचाच दुसरा मोठा नायक जॉन वेन, त्याचे चाहते वेगळे असतात. आयोवातल्या विंटरसेटमध्ये, जिथे तो १९०७ मध्ये मॅरियन मॉरिसन म्हणून जन्मला, ते छोटं घर लोकांनी जपलंय, शेजारी २०१५ पासून संग्रहालयही आहे. आयर्लंडमधल्या काँग गावात त्याच्या ‘द क्वाएट मॅन’च्या जागा बघायला लोक अजून जातात. नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क संपलं की त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने चित्रपट लागत, तेव्हापासून मलाही वेस्टर्नची गोडी लागली, आणि वेनचं चालणं मला आवडतं. पण वेन आधीच पूर्ण असतो. तो काय मानतो, कुणाच्या बाजूने आहे, हे पहिल्या दृश्यात ठरलेलं असतं. त्याचे चाहते त्याच्यावर विश्वास टाकतात. ईस्टवूडच्या चाहत्यांना तो विश्वास तयार मिळत नाही, त्यांना त्याच्याबद्दल सतत विचार करावा लागतो.

आपल्याकडे या चेहऱ्याचे पडसाद उमटलेच. ‘खोटे सिक्के’मधला फिरोज खान बघा. ‘शोले’वर लिओनेची छाया आहे हे तर सगळे जाणतात. मामाने दोन्ही पाहिले, ‘शोले’ तर मिनर्व्हाला कितीदा तरी. पण त्याची निष्ठा हलली नाही.

लहानपणी ओढ लागणं मला समजतं. ती टिकली कशी, याचं उत्तर मात्र १९९२ मध्ये आहे. ‘अनफर्गिव्हन’ची पटकथा ईस्टवूडने ऐंशीच्या दशकातच घेऊन ठेवली होती आणि आपलं वय त्या भूमिकेला शोभेपर्यंत तो थांबला. चित्रपट आला तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. त्यातला विल्यम मनी डुकरं पाळतो, चिखलात पडतो, त्याला घोड्यावर धड चढता येत नाही, पिस्तुलाने डबा उडवायला जातो आणि एकही गोळी लागत नाही. माणूस मारणं म्हणजे काय, हे तो चित्रपट इतक्या जवळून दाखवतो की डॉलर-त्रयीतले मुडदे आठवून आपणच अस्वस्थ होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन धरून चार ऑस्कर त्याला मिळाले. शेवटी अर्पणपत्रिका येते: सर्जिओ आणि डॉन यांना. लिओने १९८९ मध्ये गेला होता, ईस्टवूडचा आणखी एक दिग्दर्शक डॉन सीगल १९९१ मध्ये.

मामा आणि अण्णा तो एकत्र बघायला गेले. अण्णाची कंबर गोदीतल्या कामाने कायमची धरली होती, थिएटरच्या पायऱ्या त्याने कठड्याला धरून चढल्या. मनी घोड्यावरून पडतो तिथे आजूबाजूचे हसले, अण्णा हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, “आता हा माणूस मला खरा वाटला.” मामा हे सांगताना त्याचा आवाज अजून जड होतो. अण्णाला जाऊन बरीच वर्षं झाली.

जॉन वेननेही १९७६ च्या ‘द शूटिस्ट’मध्ये मरायला टेकलेला बंदूकबाज केला, सुरुवातीला त्याच्याच जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून; तो त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. ईस्टवूडचं म्हातारपण मात्र पडद्यावर तीन दशकं चाललं. ‘ग्रॅन टोरिनो’ २००८ मध्ये, ‘क्राय माचो’ २०२१ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, पुन्हा डोक्यावर हॅट घालून. मामाला या दोन्हींतल्या त्रुटी दिसतात आणि तो त्या सांगतोही. पण प्रत्येक वेळी हा आता कसा दिसतो, कसा चालतो, हे बघायला तो गेलाच. असा माणूस आपल्यापुढे काही पावलं म्हातारा होत राहिला की मागून चालणाऱ्याला धीर येतो.

मामाने आपलं थडगं शोधलं, फोटो काढला, आणि शेजारचा रिकामा उंचवटा बघून अण्णाच्या नावाने एक मिळेल का, अशी त्या गृहस्थाकडे चौकशी केली.

तेवढ्यात मामाची अकरा वर्षांची नात वर्तुळाला फेऱ्या मारत सुटली होती. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाइलवर मोरिकोनेचं संगीत लावून तशा फेऱ्या मारतो, कारण चित्रपटात खजिन्याचं थडगं शोधत एलाय वॉलाकचा तुको तसाच धावतो. धापा टाकत ती परत आली आणि तिने जाहीर केलं की आजोबांचा हिरो नुसता उभा राहतो, तुको बघा कसा बोलतो, चिडतो, रडतो, खोटं बोलतो. तिला तुकोच आवडतो. मामा अवाक झाला. मग त्याने मुद्दे मांडायला सुरुवात केली, तिने ते खोडले, आणि बुर्गोसला परतेपर्यंत गाडीत दोघांचं भांडण चाललं होतं. स्पॅनिश गृहस्थाने जाताना तिला सांगितलं होतं की १९६० च्या ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’मध्ये डाकूंचा सरदार काल्वेरा म्हणजे हाच वॉलाक. हॉटेलवर पोचल्याबरोबर, जेवणाआधी, तिला तो पिक्चर लावून हवा होता.