पैशाचे सोंग

फिलिप कॉफमन यांच्या ‘हेन्री अँड जून’ (१९९०) या चित्रपटात १९३१-३२ चे पॅरिस फार देखणे दिसते, आणि तो फसतो तो तिथेच. अनाइस निन, हेन्री मिलर आणि मिलरची पत्नी जून यांच्या गुंतागुंतीच्या संबंधांची ही कथा आहे. परंतु घर, अब्रू आणि नेमाची मिळकत यांहून कलेला थोर मानणाऱ्या, म्हणजेच बोहेमियन म्हणवल्या जाणाऱ्या या माणसांचे लेखन इथे जवळजवळ अदृश्य राहते व मंद उजेडातली शरीरे तेवढी लक्षात राहतात. फक्त प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटांकरिता अमेरिकेत त्याच वर्षी सुरू झालेले ‘एनसी-१७’ हे प्रमाणपत्र घेऊन प्रदर्शित झालेला हा पहिला चित्रपट, आणि त्याचे नाव आज मुख्यतः त्यासाठीच घेतले जाते. मिलरचे ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ १९३४ मध्ये पॅरिसला छापले गेले, तरी अमेरिकेत ते प्रकाशित व्हायला १९६१ साल उजाडावे लागले. त्या पुस्तकातल्या उवा, भूक आणि संताप यांना या पडद्यावर थारा मिळालेला नाही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण सहसा नडलेल्या माणसाच्या तोंडी असते; परंतु या मंडळींच्या संदर्भात ती पुन्हा पुन्हा आठवत राहते. अनाइसचा पती ह्यू गायलर, ज्याला सारे ह्यूगो म्हणत, हा अमेरिकी बँकेच्या पॅरिस शाखेत नोकरीला होता. पॅरिसजवळच्या लुव्हसिएन गावातले घर, तिथल्या जेवणावळी, मिलरला वेळोवेळी दिलेली रक्कम, इतकेच काय, अनाइसने त्याला देऊन टाकलेला स्वतःचा टाइपरायटर, या सगळ्यामागे अखेर त्या बँकेचा पगार उभा होता. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये मिलरने नोकरी सोडून लिहीत बसावे म्हणून जूनने मिळेल त्या मार्गाने पैसा आणला होता. मुक्तीचा हा जमाखर्च मांडला असता, तर चित्रपटाला कणा लाभला असता.

मात्र म्हण जरा लांबवर नेली की ती हातातून निसटू लागते. ज्याच्याकडे पैसा होता, सोंग घेण्याची गरज त्यालाच पडली. बँकेतला माणूस कलेत रमतो हे उघड होऊ नये म्हणून गायलर कोरीव मुद्राचित्रे आणि पुढे लघुपट ‘इयान ह्यूगो’ या नावाने करीत असे. पत्नीच्या ‘अंडर अ ग्लास बेल’ या १९४४ च्या कथासंग्रहातली चित्रे त्याचीच, आणि १९५२ च्या ‘बेल्स ऑफ अटलांटिस’ या लघुपटात त्याने चित्रित केलेली स्त्री अनाइसच आहे. पाण्याखालून पाहावे तशी विरघळणारी, पुन्हा आकार घेणारी ती प्रतिमा पाहताना, हा माणूस निव्वळ फसवला गेलेला नवरा होता, असे म्हणवत नाही. त्याला किती ठाऊक होते आणि किती त्याने ठाऊक करून घेतले नाही, यांतली रेघ कुठे ओढायची? कदाचित हा सगळा खर्च उचलणे त्याच्या लेखी प्रेमाचेच एक रूप असेल; कदाचित असे म्हणणे ही जमाखर्चातून सुटण्याची सोयही असेल. चित्रपटावर ठेवलेला ठपकाही मग डळमळतो, कारण ही उणीव चित्रपटामागच्या अनाइसच्या छापील दैनंदिनीतही आहे.

१९६६ मध्ये त्या दैनंदिनीचा पहिला खंड छापला गेला, तेव्हा ह्यूगोच्याच इच्छेनुसार त्यातून पतीचा उल्लेख वगळण्यात आला होता. १९७७ मध्ये अनाइस वारली, १९८५ मध्ये ह्यूगो, आणि त्यानंतर १९८६ मध्ये ‘हेन्री अँड जून’ हा न गाळलेला भाग प्रसिद्ध झाला. त्याचे प्रकाशन घडवून आणणारा वाङ्मयीन विश्वस्त रूपर्ट पोल हा होता, आणि ह्यूगोशी झालेला विवाह कायम असतानाच अनाइसने १९५५ मध्ये त्याच्याशीही लग्न केले होते.