गोंगाटाच्या बाजूने

प्रिय मावशीस,


तुझं पत्र पोचलं. लहानपणी तुझ्या शेजारी बसून पूरिया ऐकलेली मुलगी चाळिशीतही असला कर्कश आरडाओरडा कसा ऐकते, असं तू विचारलंस. नाक मुरडून नाही, खरोखर समजून घ्यायला विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी मतं सांगून टाकते. ती माझ्या मित्रमंडळींतही फारशी कुणाला पटत नाहीत. निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ (1991) हा अल्बम जगभर गाजला, पण त्यांचं खरं मोठं काम ‘इन युटेरो’ (1993). बिग ब्लॅक या बँडकडे ड्रमर नव्हता, ड्रम मशीन होतं. वादकांच्या यादीत त्याचंही नाव ‘रोलंड’ असं छापलेलं असे. ते यंत्र मला भल्याभल्या ड्रमरांपेक्षा जास्त भिडतं. आणि तिसरं, गाणाऱ्याचा गळा गोड असलाच पाहिजे ही अट संगीताची नाही, ऐकणाऱ्यांची आहे. हे तिसरं तरी तुला पटावं. आजारपणानंतर कुमार गंधर्वांनी छोट्या, तुटक, अचानक उसळणाऱ्या जागांतून गाणं उभं केलं, तेव्हा नाकं मुरडणारे काय कमी होते?

आता मूळ मुद्दा. तानपुरा लावताना तारा जुळल्या म्हणून तू थांबत नाहीस. घोडीवर तारेखालचा धागा मागेपुढे सरकवत राहतेस, जवारी खुलेपर्यंत. घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीला तार नेमकी घासत राहावी, यासाठी हा खटाटोप. तार मोकळी कंपत नाही, पुन्हापुन्हा घोडीला टेकते, आणि तिची शक्ती वरच्या स्वयंभू स्वरांत वाटली जाते. तो झणकार म्हणजे तारेच्या वाटेत मुद्दाम घातलेला अडथळा. इलेक्ट्रिक गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये वेगळ्या मार्गाने असंच काहीसं होतं. अँप्लिफायरला झेपत नाही इतकी जोरकस लहर त्यात सोडली की तो तिचे शेंडे छाटतो, आणि छाटलेल्या लहरीतून तारेत नसलेले वरचे स्वर निघतात. दोन स्वर एकदम छेडले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही ऐकू येतात. ते कुणीच वाजवलेले नसतात. तुला जो कल्लोळ वाटतो, त्यात मी हे स्वर शोधत असते.

हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार 1950 च्या दशकात अली अकबर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून तानपुऱ्याने झपाटला. पुढे तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या चमूत जॉन केल व्हायोला वाजवत असे. एकाच वेळी अनेक तारांवर गज फिरावा म्हणून केलने व्हायोलाची घोडी घासून सपाट केली होती. हाच केल लू रीडबरोबर व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडमध्ये आला. त्यांचं 1968 सालचं ‘सिस्टर रे’ सतरा मिनिटांहून जास्त चालतं आणि त्यात गिटार नि ऑर्गन एकमेकांवर सतत कुरघोडी करत राहतात. मी जे ऐकते त्या नॉइज रॉकची गंगोत्री मी तिथे मानते. किराणा घराण्याच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेपासून ती तुला वाटते तेवढी लांब नाही.

न्यूयॉर्कमध्येच 1981 मध्ये सोनिक यूथ हा बँड उभा राहिला. त्यांची मला सर्वांत जास्त ओढ आहे, कारण ते तुझ्यासारखेच तारा लावण्यात रमलेले लोक. नेहमीच्या जुळणीत बऱ्या न वाजणाऱ्या स्वस्त गिटारी ते घेत, त्या भलत्याच स्वरांत लावत, आणि एकेका जुळणीसाठी वेगळी गिटार ठेवत. दोन तारा जवळजवळ एकाच स्वरात लावल्या की मधे जी लाट हेलकावते, तिच्यावर त्यांची आख्खी गाणी उभी आहेत. तारांखाली ते स्क्रूड्रायव्हर नाहीतर ड्रमची काठी खुपसत. 1999 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांच्या वाद्यांनी भरलेला ट्रकच चोरीला गेला, आणि काही गाणी वाजवणंच अशक्य होऊन बसलं. ती गाणी त्या त्या गिटारीच्या अंगातच होती. तुझा तानपुरा दुरुस्तीला जातो तेव्हा तुझा जीव कसा वरखाली होतो ते मी पाहिलंय, म्हणून हे तुलाच सांगावंसं वाटतं.

‘इन युटेरो’विषयीचं माझं मत स्टीव्ह अल्बिनीमुळे बनलं. बिग ब्लॅकचा प्रमुख तोच. पुढे शिकागोत त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. ध्वनिमुद्रणाची तो ठरलेली मजुरी घ्यायचा, रॉयल्टी घ्यायचा नाही. गाणी ज्यांची, पैसा त्यांचा, असं त्याचं म्हणणं होतं, आणि निर्वाणासारख्या लाखोंनी खपणाऱ्या बँडच्या बाबतीतही तो त्याला जागला. काम सुरू होण्याआधी त्याने त्यांना चार पानी पत्र लिहून हे कळवलं होतं. त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘इन युटेरो’त ड्रम ज्या खोलीत वाजतोय ती खोलीसुद्धा ऐकू येते. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याचा गळा जिथे फाटतो तिथे तो फाटलेलाच ठेवलाय. ‘नेव्हरमाइंड’ घासूनपुसून लखलखीत केलेला आहे, आणि त्या लखलखाटात माणसं मागे सरकली आहेत. माझ्या मते बहुतेक लोकप्रिय ध्वनिमुद्रणांचं हेच झालंय. श्वास, खरखर, बोटांचा तारेवरचा घसरा असं सगळं पुसून उरतो तो फक्त माल. अल्बिनी 2024 च्या मे महिन्यात एकसष्टाव्या वर्षी गेला, आणि दहाच दिवसांत त्याच्या शेलॅक या बँडची शेवटची तबकडी आली. ती मी अजून रोज ऐकते.

पण नुसत्या आवाजाची मी भक्त नाही, हेही लिहिलं पाहिजे. लू रीडच्या ‘मेटल मशीन म्युझिक’मध्ये (1975) तासाभराहून अधिक वेळ गिटारचा फीडबॅकच आहे. आमच्या गोटात त्याला फार मान, पण मला ते रटाळ वाटतं. कारण त्यात लय नाही. जीझस लिझर्ड या बँडचा ‘गोट’ (1991) ऐकताना बास आणि ड्रम सम अशी घट्ट धरून असतात की त्यावर गायक कितीही धडपडला, किंचाळला, तरी गाणं मोडत नाही. बिग ब्लॅकचं यंत्र मला भिडतं ते याच कारणाने. ठेका जितका कडक, तितकी गिटारला विस्कटायची मुभा. आणि चारचौघांना न सोसणारं आपल्याला आवडतं, एवढ्यावरच जे मिरवतात त्यांच्याशी माझं जमत नाही. आवडीचं कारण सांगता आलं पाहिजे, हे तूच शिकवलंस.

एक विनंती आहे. सोनिक यूथची 1988 ची ‘डेड्रीम नेशन’ मी वेगळी पाठवते आहे. त्यातलं पहिलं गाणं, ‘टीन एज रायट’, सकाळचा रियाज आटोपल्यावर, कान ताजे असताना, आवाज बेताचाच ठेवून ऐक. शब्दांकडे लक्ष देऊ नकोस. सुरुवातीच्या गिटारींत तुला कोणते स्वर सापडले, कोणत्या दोन तारा किंचित अलग लावल्यात, ते मला कळव. तुझ्याइतका तयार कान माझ्या ओळखीत दुसरा नाही. आणि नाही आवडलं, तर का नाही आवडलं ते कारणासकट लिही.

काकांना नमस्कार.

तुझी भाची