बाप्तिस्म्याच्या अलीकडचा इतिहास

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक राहिलेले बाबा पदमनजी (1831–1906) यांना चर्चचा इतिहासकार म्हणून सहसा कुणी ओळखत नाही. 'यमुनापर्यटन' (1857) या मराठीतल्या आद्य कादंबरीचे लेखक आणि कोशकार, एवढ्यावर आपण थांबतो. मला मात्र मराठी ख्रिस्ती मंडळीच्या सुरुवातीचा सर्वांत जिवंत इतिहास त्यांच्या 'अरुणोदय' (1888) या आत्मचरित्रात दिसतो. मिशनच्या दप्तरात माणूस सुरू होतो तो बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून. बाबांची नोंद बेळगावची, 1854 ची. आखातातल्या दोहा शहराच्या एशियन टाउन या वसाहतीत राहणारा परदेशी कामगारही कंपनीच्या कागदावर असाच उतरल्या दिवसापासून सुरू होतो. गावचे कर्ज, एजंटाकडचे हेलपाटे, घरच्यांची समजूत यांना त्या कागदात रकाना नसतो.

'अरुणोदय' भरले आहे ते रकान्याबाहेरच्या मजकुरानेच. बेळगावचे कासार घराणे, मिशन शाळेतले वाचन, मनाने कौल दिला तरी लांबत गेलेला निर्णय. आणि परमहंस सभा! दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने 1849 च्या सुमारास मुंबईत निघालेली ही गुप्त मंडळी. जात मानत नाही हे दाखवायला ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खायचा, आणि बाहेर पडले की ज्याने त्याने निमूट आपापल्या जातीत वावरायचे. बाबाही तिचे सभासद होते. सभेने गुप्तता इतकी पाळली की आज तिच्याविषयी बोलताना एका पाळकाच्या आत्मचरित्राकडे वळावे लागते.

आक्षेप उघड आहे. धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी, आपला निर्णय योग्य होता हे पटवायला लिहिलेले पुस्तक साक्षीचे की वकिलीचे? वकिलीचे आहेच. शिवाय परमहंस सभेची गोष्टही त्या वकिलीला सोयीची: अर्धवट सुधारणा टिकत नाही, म्हणून पुढचे पाऊल टाका. पण हा मुद्दा पटवायचा तर सभेतली माणसे, त्यांची हौस आणि त्यांची भीती तपशिलाने सांगावीच लागली, आणि तपशील वकिलाच्या ताब्यात राहत नाही. सभा 1860 च्या सुमारास मोडली; 1867 मध्ये दादोबांचेच बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला, आणि तो उघडपणे चालला. बाबांनी जिथे वाट संपलेली दाखवली, तिथूनच दुसरी निघाली असे वाचकाला म्हणता येते, आणि त्यासाठी लागणारा बराचसा पुरावा बाबांनीच दिलेला आहे.