कान जरा बाजूला ठेवा

इंग्रजी व्याकरणाचा प्रश्न समोर आला की आपल्यातले बहुतेक जण काय करतात? चारही पर्याय मनातल्या मनात वाचायचे आणि जो "बरोबर वाटतोय" त्यावर टिक करून पुढे. आता हे "वाटणं" कुठून येतं? आपला कान तयार झालाय ऑफिसच्या मेल्सवर. तिथे लोक "रिव्हर्ट बॅक" करतात, "डिस्कस अबाउट" करतात आणि "सिन्स टू इयर्स" एकाच प्रोजेक्टवर असतात. रोजच्या कामाला हे इंग्रजी उत्तम चालतं, माझी काही तक्रार नाही. पण एसएटीचा पेपर काढणाऱ्याला हा कान चांगला ठाऊक असतो. पर्याय असे रचलेले असतात की चुकीचाच कानाला गोड लागावा.

हा विषय आत्ता निघायचं कारण माझी मामेबहीण. दर शनिवारी दुपारी ती वही घेऊन येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित पक्कं, उतारेही नीट समजतात. स्कॉलरशिप मिळाली तरच बाहेर जायचं, असं मामानं स्वच्छ सांगितलंय. आणि तिनं मनाशी ठरवूनच टाकलंय, "दादा, माझं इंग्लिशच कच्चं आहे रे." मला हे पटत नाही. कच्चं असेल तर फार तर दहाबारा नियमांचं, आणि त्यातले निम्मे तिला मराठीतून येतातच.

आधी परीक्षेबद्दल थोडं. एसएटी अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून डिजिटल झाली. रीडिंग अँड रायटिंगचे ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, दोन मॉड्यूल. त्यात व्याकरणाचे साधारण ११ ते १५. छोटासा उतारा, मध्ये एक गाळलेली जागा, खाली चार पर्याय. चुकलं तरी मार्क कापत नाहीत. (जीमॅटवाल्यांची या जाचातून सुटका झालीय. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोकस एडिशन आली, तिच्यात सेंटेन्स करेक्शन नाहीच.)

आता पहिली सवय. उताऱ्याच्या आधी पर्याय बघायचे, आणि तेही वाचायचे नाहीत, त्यांचा डिफ काढायचा! चारांमध्ये बदलतंय काय? क्रियापद बदलत असेल तर प्रश्न कर्त्याचा. नुसती विरामचिन्हं बदलत असतील तर वाक्य कुठे संपतं, एवढंच शोधायचंय. कोड रिव्ह्यूमध्ये आपण अख्खी फाइल थोडीच वाचतो?

क्रियापदाचं घ्या. "द रिझल्ट्स ऑफ द स्टडी, पब्लिश्ड बाय अ टीम इन केनिया, ___ सरप्रायझिंग." कानाला "टीम" शेवटी ऐकू येते आणि हात "वॉज"कडे जातो. पण दोन स्वल्पविराम म्हणजे कंस. उघडला तो बंद होणारच, तेव्हा मधला मजकूर बोटानं झाकून टाकायचा. मग उरतात "रिझल्ट्स", आणि त्यांना "वेअर". बहिणीला मी म्हटलं, "भाकरी त्या तीन मुलांच्या बापानं केली" असं म्हणताना तू "केली" का म्हणतेस? शेजारी तर बाप बसलाय! ती हसली. मराठी क्रियापद शेजारचा शब्द सोडून लांबचा आपला शब्द बरोबर शोधतं, आणि हे आपण तीन वर्षांचे असल्यापासून करतोय.

मला सगळ्यात आवडणारा प्रकार मात्र पुढचा. "आफ्टर स्टडिंग द फॉसिल्स फॉर टेन इयर्स," इथे स्वल्पविराम, आणि मग गाळलेली जागा. एक पर्याय "द सायंटिस्ट्स थिअरी चेंज्ड", दुसरा "द सायंटिस्ट चेंज्ड हर थिअरी". दोन्ही कानाला ठीक वाटतात. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे प्रत्यय आहेत, -ताना आणि -ऊन. "घरी जाताना पाऊस लागला" हे चालतं, जाणारा वेगळा, पाऊस वेगळा. "घरी जाऊन पाऊस लागला" म्हटलं की लगेच खटकतं, कारण -ऊनला दोन्ही कामं करणारा एकच लागतो. एसएटीतल्या वाक्याची अशी सुरुवात आपल्या -ऊनसारखी वागते. "दहा वर्षं अभ्यास करून थिअरी बदलली" म्हणजे अभ्यास काय थिअरीनं केला? संपला प्रश्न. पुस्तकात याला डँगलिंग मॉडिफायर वगैरे भारदस्त नाव आहे. तिच्या वहीत "-ऊनची चूक" असंच लिहिलंय.

अर्थात मराठी कधीकधी दगाही देते. "पाऊस थांबला, आम्ही निघालो" हे झकास मराठी वाक्य आहे, पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की उत्तर चूक. तिथे पूर्णविराम, सेमिकोलन किंवा "अँड", "बट" यातलं कुणीतरी हवं. यातून एक फुकटची युक्ती मिळते. अशा दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम आणि सेमिकोलन एकच काम करतात. बाकी सगळं सारखं असून हे दोन्ही पर्यायांत दिसले तर दोन्ही बाद, कारण दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत.

आणि "हाउएव्हर"! ते "बट"चं सुटाबुटातलं रूप आहे असं समजून लोक स्वल्पविरामानंतर बिनधास्त ठोकून देतात. "बट" म्हणजे आपलं "पण", ते दोन वाक्यं जोडतं. "हाउएव्हर" वागतं "मात्र"सारखं. "पाऊस पडत होता. आम्ही मात्र गेलो." मात्र वाक्याच्या आत बसतं, जोडायचं काम करत नाही. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा सेमिकोलन लागतो.

सरावाला कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक ॲप आहे, फुकट आहे, त्यातले पेपर पुरवून वापरायचे. प्रत्येक चुकीपुढे बरोबर उत्तर लिहून उपयोग नाही, कुठला नियम निसटला ते लिहायचं. तिच्या वहीत तीन आठवड्यांत -ऊनच्या रकान्यात नवीन काही आलेलं नाही. पुढच्या शनिवारी अपॉस्ट्रॉफी. तिथे मराठीची काडीची मदत नाही, षष्ठीसाठी असलं चिन्हच आपल्याकडे नाही. ते सरळ पाठ करायचं.