तास हलत नाहीत

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या एडिसनला एका मराठी घरी फराळाला गेले होते. चकलीची बशी हातात देता देता घरच्या बाईंनी हळूच विचारलं, "ताई, आम्ही डॅलसला गेलो की याचे तासही आमच्याबरोबर येतील ना?"

'याचे' म्हणजे त्यांच्या २४ वर्षांच्या मुलाचे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. उठवणं, आंघोळ, भरवणं, लिफ्टच्या झोळीतून खुर्चीत बसवणं, सगळ्याला दुसरं माणूस लागतं. शेजारच्या एक गुजराती मावशी आठवड्याला ४० तास येतात आणि त्यांचा पगार सरकारी योजनेतून निघतो. अपंगांना घरपोच मिळणाऱ्या सेवांची आखणी करणं हे माझं १७ वर्षांचं काम. आमच्याकडे कुणी पैशांत बोलत नाही, तासांत बोलतात. "किती तास मिळाले?" हा आमचा कुशलप्रश्न. आणि बाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर होतं, "नाही. तास हलत नाहीत."

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. देश तोच, योजनेचं नावही तेच: मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना. पण १९६५ साली ही योजना आली तेव्हाच तिची वाटणी ठरली. निम्मा किंवा त्याहून जास्त पैसा केंद्राचा, कारभार राज्याचा. म्हणून कॅलिफोर्नियात ती मेडी-कॅल, टेनेसीत टेनकेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. नर्सिंग होमचा, म्हणजे माणसाला कायम ठेवून घेणाऱ्या संस्थेचा, खर्च प्रत्येक राज्याला द्यावाच लागतो. घरी येणारी मदत मात्र बहुतांशी राज्याच्या मर्जीवर. माणसाला संस्थेत ठेवणं सक्तीचं आणि घरी ठेवणं ऐच्छिक, असा हा उलटा पाया आहे.

तो थोडा हलवला आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या एका लहान मुलीनं. केटी बेकेट १९७८ मध्ये जन्मली. काही महिन्यांची असतानाच तिला मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी यंत्र लागलं. ती रुग्णालयात असेतो मेडिकेड खर्च उचलत होतं. घरी नेलं की आईवडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत बंद होणार, असा नियम होता. घरचा खर्च रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी असूनही. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं, आणि केटीला घरी जाता आलं. त्याच वर्षीच्या कायद्यानं राज्यांना मुभा मिळाली: नर्सिंग होमचा पैसा घरच्या सेवेवर खर्च करायचा असेल, तर काही नियमांतून सूट घ्या. त्या सुटीला इथं सगळे 'वेव्हर'च म्हणतात.

पण सूट म्हणजे हक्क नव्हे. वेव्हरमध्ये जागा किती, हे राज्य ठरवतं. जागा भरल्या की रांग. २०२४ मध्ये देशभरात अशा यादीत सुमारे ७ लाख नावं होती. टेक्सासमध्ये, म्हणजे डॅलसच्या राज्यात, काही सेवांसाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. याउलट कॅलिफोर्नियानं १९६९ च्या लँटरमन कायद्यानं जन्मजात किंवा लहानपणापासूनच्या विकासात्मक अपंगत्वासाठी सेवा हा हक्कच केला. आमच्या न्यू जर्सीत प्रौढांच्या एका कार्यक्रमाला रांग नाही, दुसऱ्याला आहे. पण रांगेतली जागाही सामानात बांधून नेता येत नाही. इथं आठ वर्षं थांबून नंबर जवळ आलेला माणूस सीमा ओलांडली की नव्या राज्यात शेवटी उभा राहतो. काही राज्यांनी फौजेतल्या कुटुंबांना यात सवलत दिली आहे. त्या बाईंच्या नवऱ्यासारख्या आयटीतल्या बदलीला ती नाही.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. बॉस्टनहून कनेक्टिकटला आलेल्या एका गरीब तरुण आईला 'वर्षभर राहा, मग मदत मागा' असं सांगितलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये ती अट घटनाबाह्य ठरवली. हवं त्या राज्यात जाऊन राहणं हा नागरिकाचा हक्क आहे. पुढे १९९९ मध्ये, जॉर्जियातल्या दोन स्त्रियांच्या ओल्मस्टेड खटल्यात, घरी राहू शकणाऱ्याला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे, असंही न्यायालय म्हणालं. मात्र वाजवी वेगानं सरकणारी प्रतीक्षायादी त्याच निकालानं चालवून घेतली. वर्षाची अट गेली, दशकाची रांग राहिली. अट कुणीतरी घातलेली असते, तिच्यावर खटला भरता येतो. रांगेला धनी नसतो.

त्या बाईंना मी सगळं मांडून सांगितलं. केंद्राचा अपंगांसाठीचा एसएसआय भत्ता पत्ता बदलला की मागोमाग येतो, त्याच्या आधारे टेक्सासचं मेडिकेडही मिळेल. फक्त त्याच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक नको. ही मर्यादा १९८९ पासून तेवढीच आहे. 'कम्युनिटी फर्स्ट चॉइस' नावाच्या रांग नसलेल्या सेवेतून तिथं काही तास मिळू शकतात. पण दोन राज्यांचं मेडिकेड एकाच वेळी चालत नाही. इथलं बंद आणि तिथलं सुरू यांच्यामधले आठवडे तुमचे तुम्ही काढायचे. मुलगा २१ च्या आतला असता तर गोष्ट वेगळी होती. त्या वयापर्यंत गरजेची वैद्यकीय सेवा प्रत्येक राज्याला द्यावीच लागते.

"आणि तास ठरवणारी तपासणी पुन्हा होणार," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. न्यू जर्सीतली तपासणी मला आठवत होती. तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, "शर्टाचं बटण लावता येतं का?" आई चटकन म्हणाली, "लावतो ना!" मी मध्ये पडले, "किती वेळात?" बराच वेळ गप्प राहून आई म्हणाली, "एक बटण, पाच-सात मिनिटं. कधी कधी जमतं. मग थकतो, जेवणाचा घास गिळता येत नाही." फॉर्मवर फक्त 'लावतो' उमटलं असतं तर आठवड्याचे काही तास तिथंच गेले असते. आपल्या आयांना पोटच्या पोराबद्दल उणं बोलवत नाही. मी सगळ्यांना सांगते: चांगला दिवस नका सांगू, वाईटातला वाईट दिवस सांगा. राज्य बदललं की तो वाईट दिवस नव्या परक्या माणसासमोर पहिल्यापासून सांगायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे अमेरिकेचं कौतुक किंवा कुचेष्टा म्हणून वाचू नये. आपल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला राज्यात १५ वर्षं वास्तव्याची अट आहे. बिदरहून सोलापूरला आलेल्या अपंग माणसानं त्या वर्षांत काय खायचं, हा प्रश्न तोच.

या दिवाळीत पुन्हा त्या घरी गेले. फ्रिजवर कॅलेंडर होतं. निळ्या पेनानं मावशींचे तास, लाल पेनानं विमानाच्या तारखा. नवरा एकटाच डॅलसला गेलाय.

"आमचे आजोबा गिरणगावात आणि आजी देवगडला," बाई चहा गाळत म्हणाल्या. "आता हे आमचे चाकरमानी. आजोबा गणपतीला यायचे. हे महिन्यातून दोनदा येतात, तेवढं बरं."